मज्जासंस्थेची तपासणी: बिघाड आधी ‘कुठे’, मग ‘काय’

अंबाझरी

मंचावर हा धागा काढायचं कारण सांगतो. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार ओपीडीत आले. हातात कमरेच्या एमआरआयचं पाकीट. “मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, ऑपरेशन सांगितलंय.” चौथ्या-पाचव्या लंबर मणक्यामधली गादी सरकल्याचं रिपोर्टमध्ये होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पन्नाशीनंतर कितीतरी धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्ये तेवढं दिसतंच. पण यांची तक्रार कंबरदुखीची नव्हती. पाय कडक झाल्यासारखे वाटतात, बांधावरून चालताना अडखळायला होतं, जिना उतरायची भीती वाटते, असं ते सांगत होते. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय झटक्यात उडाला. पाऊल एकदम वर दाबलं तर घोटा थरथरतच राहिला, म्हणजे क्लोनस. तळवा घासला, अंगठा वर गेला.

या तिन्ही गोष्टी कमरेच्या गादीने होऊ शकत नाहीत. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो, त्याखाली असतात ती नसांची मुळं. मूळ दबलं तर रिफ्लेक्स (ठोकल्यावर स्नायूचा आपोआप येणारा झटका) मंदावतो आणि स्नायू ढिला पडतो. इथे रिफ्लेक्स वाढलेला, म्हणजे बिघाड त्याच्या वर कुठेतरी. किती वर, हे हातांनी सांगितलं. बायसेप्सचा रिफ्लेक्स मंद, ट्रायसेप्सचा जोरात, आणि मनगटाच्या वर रेडियसवर ठोकल्यावर कोपर वाकायच्या ऐवजी बोटं मिटली. हा उलटा सुपिनेटर रिफ्लेक्स. तो पाचव्या-सहाव्या सर्व्हायकल, म्हणजे मानेतल्या, पातळीकडे बोट दाखवतो. हनुवटीवर ठोकलं, जबड्याचा रिफ्लेक्स नॉर्मल, म्हणजे मेंदूपर्यंत शोधत जायचं कारण नाही. “शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का?” असं विचारलं तर सोबतच्या बाई म्हणाल्या, “आता मीच लावून देतो जी.” मानेचा एमआरआय काढला. मज्जारज्जू तिथेच दबलेला होता.

मेडिकल, मेयो, सेवाग्राम, एम्स, कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी इथे वाचत असतील तर त्यांच्याशी मला याबद्दल बोलायचं आहे. मज्जासंस्थेची तपासणी खूप मुलं पाठ करतात: उच्च मानसिक कार्ये, बारा कपाल नसा, मोटर (ताकद), सेन्सरी (संवेदना), सेरिबेलम (तोल सांभाळणारा लहान मेंदू), चाल. परीक्षेत धडाधडा म्हणून दाखवतात. पण प्रत्येक टप्प्यावर “यातून मला बिघाडाची जागा काय कळली?” हे स्वतःला विचारत नाहीत. मग पन्नास निष्कर्ष जमतात आणि त्यातून काहीच निघत नाही.

आणखी एक. रुग्ण बाकावरून उठून टेबलापर्यंत येतो तेवढ्यात बरीच तपासणी होऊन जाते. एक पाय अर्धवर्तुळात फिरवत, तोच हात छातीशी घेऊन येणारा माणूस; पाऊल उंच उचलून आपटणारा; जमिनीकडे बघितल्याशिवाय पाऊलच न टाकणारा; वळताना लहान लहान पावलं घेत अख्खं शरीर एकसंध फिरवणारा. हे चौघे तुमच्यासमोर चार वेगवेगळे पत्ते घेऊन येत असतात. त्यांना पलंगावर झोपवून मग तपासणी सुरू केली तर हे सगळं हातचं जातं. चालायला लावा, वळायला लावा, टाचांवर आणि चवड्यांवर चालवा, मग एका रेषेत टाच-अंगठा चालवा.

इतवारी

डॉक्टरसाहेब, राग नका मानू. मी डॉक्टर नाही, किराण्याचा व्यापारी आहे. पण घरात दोघातिघांचं झालेलं पाहिलं म्हणून विचारून राहिलो. आजकाल सगळेच एमआरआय काढून राहिले. मंग डोक्यापासून कमरेपर्यंत सगळंच एकदाचं काढून घेतलं तं काय बिघडते? हातोडीनं ठोकून माणूस कितीक अचूक सांगू शकते? मशीन तं आतलं दाखवते न.

अंबाझरी

भाऊ, रागवायचं काय त्यात, अगदी रास्त प्रश्न आहे.

एमआरआय आतली रचना दाखवतो. ती रचना काम करते की नाही, हे तो सांगत नाही. आणि कितीतरी आजार असे आहेत की नेहमीच्या एमआरआयमध्ये सगळं ठीकठाक दिसतं. पार्किन्सन घ्या. हाताची मंद थरथर, मनगट फिरवताना दातेरी चाकासारखे लागणारे झटके, कोरा चेहरा, बारीक होत जाणारं अक्षर, हे डोळ्यांनी आणि हातांनीच ओळखायचं. मायस्थेनियात पापणी संध्याकाळी खाली येते, स्कॅनमध्ये काही नसतं. गिलाँ-बारेमध्ये पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा आणि गेलेले रिफ्लेक्स हीच खूण, आणि तिथे एमआरआयच्या नंबरासाठी थांबण्यापेक्षा श्वासावर लक्ष ठेवणं जास्त गरजेचं. मधुमेहाने पायाच्या नसा गेल्या असतील तर त्याही तिथे दिसत नाहीत.

सगळंच काढलं तर काय बिघडतं? खर्च आहेच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे काहीतरी सापडतंच. वयानुसार झिजलेली गादी, मेंदूत एखादा जुना पांढरा ठिपका. मग त्या सापडलेल्या गोष्टीवर उपचार सुरू होतात आणि खरी तक्रार तशीच राहते. कुठला भाग काढायचा हे तपासणीने ठरवलं तर तोच एमआरआय तुमच्या कामाचा होतो. मी एमआरआयच्या विरोधात अजिबात नाही, रोज लिहून देतो.

फायनल_इयर

सर, प्लांटारचं, म्हणजे तळवा घासल्यावर अंगठा वर जातो की खाली त्या रिफ्लेक्सचं, विचारायचं होतं. दरवेळी रुग्ण पाय खेचून घेतो. गुदगुल्या झाल्या म्हणून खेचला की खरंच एक्स्टेन्सर (अंगठा वर) आला, कळतच नाही. युनिटमध्ये एक जण ‘वर’ म्हणतो, दुसरा ‘खाली’. शेवटी शीटवर ‘इक्विव्होकल’ (अनिश्चित) लिहून मोकळे होतो.

अंबाझरी

हा रिफ्लेक्स बाबिन्स्कीने 1896 मध्ये पॅरिसला मांडला, आणि तेव्हापासून आजवर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून डॉक्टर यावरच वाद घालत आलेत. पण निम्मा वाद करण्याच्या पद्धतीमुळे होतो.

रुग्णाला आधी सांगा: “तळव्यावर जरा घासणार आहे, टोचणार नाही, पाय सैल सोडा.” गुडघा सरळ, पाय उताणा. घोटा एका हाताने हलका धरा. हातोडीच्या दांड्याचं बोथट टोक किंवा किल्ली घ्या. सुई नको, आणि बोटाचं नखही नको. टाचेच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून बाहेरच्या कडेनेच सावकाश पुढे या, चवड्यापाशी आतल्या बाजूला वळा आणि अंगठ्याच्या बुडापर्यंत जायच्या आधी थांबा. अंगठ्याच्या बुडाशी घासलंत तर तो नुसत्या स्पर्शानेही हलतो. तळव्याच्या मधोमध गेलात तर गुदगुल्या होणारच.

आणि बघायचं काय? अंगठ्याची पहिली हालचाल, बस. नंतर पाय कितीही खेचू दे. पाय खेचून घेणाऱ्याचा घोटा, गुडघा, कंबर सगळं एकदम हलतं आणि ते दरवेळी वेगळं असतं. खरा एक्स्टेन्सर त्याच जागी, तसाच, पुन्हा पुन्हा येतो. अंगठा सावकाश वर जातो आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरतात. तरी शंका राहिली तर बाहेरच्या घोट्याखालून पुढे करंगळीच्या दिशेने घासा. हा चॅडॉक. तिथे गुदगुल्या कमी होतात.

एक वर्षापर्यंतच्या बाळात अंगठा वर जाणं नॉर्मल आहे, हे बालरोगाच्या पोस्टिंगमध्ये लक्षात ठेवा. आणि नुसत्या प्लांटारवरून निष्कर्ष काढू नका. टोन (स्नायूचा ताण) वाढलेला, गुडघ्याचा रिफ्लेक्स जोरात आणि अंगठा वर, हे तिघं एकत्र आले की वाद उरत नाही.

सुचेता_फिजिओ

सर, टोन आणि पॉवरबद्दल माझ्याकडून थोडं. फिजिओथेरपीत आमचं निम्मं आयुष्य यातच जातं.

टोन बघताना बहुतेक जण पाय हळूच वाकवतात आणि ‘नॉर्मल’ लिहितात. स्पॅस्टिसिटी (मेंदू किंवा मज्जारज्जूच्या बिघाडाने वाढलेला टोन) वेगावर अवलंबून असते. हळू वाकवलं तर ती लपते, झटकन वाकवलं तर मध्येच अडते आणि मग सैल सुटते. पार्किन्सनची रिजिडिटी (ताठरपणा) मात्र हळू किंवा जोरात, सगळीकडे सारखी लागते. पायासाठी माझी आवडती पद्धत: रुग्ण उताणा झोपलेला, त्याच्याशी गप्पा मारत त्याच्या गुडघ्याखाली हात घालायचा आणि गुडघा एकदम वर उचलायचा. सैल पायाची टाच चादरीवर घासत मागे येते. टोन वाढलेला असेल तर टाच चादरीवरून उचलली जाते. गप्पा महत्त्वाच्या, “पाय सैल सोडा” असं सांगितलं की माणूस आणखी आवळून धरतो.

पॉवरचे, म्हणजे ताकदीचे, आकडे 0 ते 5 आहेत, पण शीटवर बहुतेकदा ‘4’ लिहिलेलं दिसतं. 3 म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात-पाय उचलतो पण जरा दाबलं की पडतो. 4 मध्ये त्याच्या पुढचं जवळजवळ सगळंच येतं, म्हणून मी बाजूला शब्दांत लिहिते: एका बोटाने दाबलं तर पडतो की पूर्ण हाताचा जोर लागतो. पुढच्या आठवड्यात सुधारणा झाली की नाही ते त्यावरूनच कळतं.

आता फूट ड्रॉप. पाऊल लोंबकळतं, चालताना चप्पल निसटते. सगळे लगेच कमरेचा एमआरआय मागतात. पण पाऊल वर न उचलता येणं बहुतेकदा दोन ठिकाणांहून होतं: कमरेतलं पाचवं लंबर मूळ, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेभोवती वळणारी कॉमन पेरोनियल नस. यांचा निवाडा एका हालचालीने होतो. घोटा आधाराने काटकोनात धरायचा आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगायचं. ते काम करणारा टिबियालिस पोस्टीरियर स्नायू पाचव्या लंबर मुळाचाच, पण त्याची नस टिबियल आहे, पेरोनियल नाही. पाऊल आत वळवण्याची ताकद शाबूत असेल तर गुडघ्यापाशी शोधा. तीही कमी असेल तर कमरेकडे जा. आपल्याकडे निंदणाच्या दिवसांत तासन्‌तास उकिडवं बसून काम केलेल्या बायांमध्ये गुडघ्यापाशी दबलेली नस बघायला मिळते. त्यांची कंबर ठणठणीत असते.

वरोरा_पॅरामेडिक

सुचेताताईंनी पेरोनियल नस काढली म्हणून राहवलं नाही. मी कुष्ठरोगाच्या कामातला. आनंदवन आमच्या वरोऱ्यातलंच. बाबा आमट्यांनी ते 1949 मध्ये सुरू केलं. त्यामुळे या भागात नस हाताने चाचपणं आम्ही लहानपणापासून बघतो. नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीत फूट ड्रॉप घेऊन आलेल्या माणसाची नस चाचपल्याशिवाय त्याला सोडू नका, एवढी कळकळीची विनंती.

चाचपायचं असं. रुग्णाला बसवा, गुडघा वाकलेला. फिब्युलाच्या डोक्याच्या जरा खाली-मागे बोटं ठेवून हळूच पुढे-मागे सरकवा, दोरीसारखी नस बोटाखालून निसटते. दुसऱ्या पायाशी ताडून बघा: जाड आहे का, दाबल्यावर दुखते का. तशीच कोपराच्या मागे अल्नर, आतल्या घोट्यामागे पोस्टीरियर टिबियल, आणि मान वळवली की कानाखाली आडवी जाणारी ग्रेट ऑरिक्युलर; ही तर कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही दिसते. नस चाचपताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायचं, हाताकडे नाही. दुखलं तर चेहरा आधी सांगतो.

संवेदना आम्ही साध्या बॉलपेनने बघतो. डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने तळहातावर-तळव्यावर हलकं टेकवायचं, जिथे कळलं तिथे रुग्णाने बोट ठेवायचं. ताकदीसाठी मोजक्या हालचाली: डोळा घट्ट मिटणं, करंगळी बाहेर नेणं, अंगठा छताकडे उचलणं, पाऊल वर उचलणं.

डॉक्टरमंडळींना एक गोष्ट विचित्र वाटते: एवढी बधिरता असूनही गुडघ्या-घोट्याचे रिफ्लेक्स बहुतेक शाबूत असतात. कुष्ठरोग त्वचेजवळच्या, थंड भागातल्या नसा आधी पकडतो. म्हणून ‘रिफ्लेक्स नॉर्मल, न्यूरोपॅथी (नसांचा आजार) नाही’ असं लिहिलं तर रुग्ण हातचा जातो. आणि नस नुकतीच अशक्त झाली असेल, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, तर स्टेरॉइडने ती परत येऊ शकते. म्हणून दर भेटीला तपासून लिहून ठेवायचं. मागच्या वेळचं लिहिलेलं नसेल तर कमी झालं की तसंच आहे हे कोण सांगणार?

त्रिमूर्तीनगर

इथे विचारावं की नाही कळत नाही, पण विचारते. माझ्या आईचं तोंड परवा सकाळी डावीकडे ओढल्यासारखं झालं. चूळ भरताना पाणी बाहेर येत होतं. घाबरून आम्ही लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फक्त कपाळाला आठ्या घालायला लावल्या, डोळे मिटायला लावले, कानात बघितलं, हात-पाय तपासले आणि म्हणाले की लकवा नाही, चेहऱ्याची नस आहे. गोळ्या दिल्या. शेजारचे सगळे म्हणताहेत डोक्याचा स्कॅन का नाही केला. आईला शुगर आहे. मन थाऱ्यावर नाही.

अंबाझरी

ताई, लगेच नेलंत हे फार चांगलं केलंत. अचानक तोंड वाकडं झालं की घरी बसून विचार करायचा नसतो. मेंदूतला झटका असेल तर गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

त्या डॉक्टरांनी जे केलं ते का केलं, ते सांगतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येते. म्हणून मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर चेहऱ्याचा खालचा भाग वाकडा होतो, पण कपाळावर आठ्या पडतात आणि डोळा बऱ्यापैकी मिटतो. मेंदूतून बाहेर पडलेली नसच बिघडली तर त्या बाजूचा सगळा चेहरा जातो, कपाळासकट. तोंड डावीकडे ओढलं गेलं म्हणजे अशक्त बाजू उजवी. चांगली बाजू ओढून घेते. आईच्या उजव्या कपाळावर आठ्या पडत नसतील, उजवा डोळा मिटत नसेल, हात-पाय, बोलणं, तोल सगळं ठीक असेल, तर त्यांचं निदान बरोबर दिशेने आहे. कानात बघितलं ते नागिणीचे फोड आहेत का हे बघायला.

दोन गोष्टी जपा. डोळा मिटत नाही तोवर दिवसा थेंब आणि रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवा, नाहीतर बुबुळाला जखम होते. आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते, ती घरी तपासत राहा, वाढली तर त्याच डॉक्टरांना फोन करा. हात-पाय जड वाटले, बोलणं अडखळलं किंवा दुहेरी दिसायला लागलं तर मात्र थांबू नका, सरळ कॅज्युअल्टी.

त्रिमूर्तीनगर

उजवाच डोळा मिटत नाहीये, आणि कपाळाचीही तीच बाजू गुळगुळीत आहे. बोलणं-चालणं नीट आहे. आज जीव थोडा भांड्यात पडला. मनापासून आभार, सर.

नाईट_ड्युटी

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बेशुद्ध रुग्णाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

शुद्ध किती आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये ग्लासगोला काढला. डोळ्यांचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, एकूण 15. कमीत कमी 3. पण हॅण्डओव्हरला फक्त बेरीज सांगितली जाते: “नऊ आहे.” नऊ कितीतरी प्रकारे होतात. तिन्ही आकडे वेगळे लिहा आणि वेगळे सांगा. त्यातही हालचालीचा आकडा खाली आला तर मी रात्री दोनलाही डॉक्टरांना उठवते.

वेदना देताना छातीच्या हाडावर बुक्कीने घासू नये, कातडी काळीनिळी होते आणि नातेवाईक बघत असतात. खांद्याचा ट्रॅपेझियस स्नायू चिमटीत धरून दाबा. हात गळपट्टीच्या हाडाच्या वर, तुमच्या बोटांकडे आला तर 5. नुसता आखडून मागे गेला तर 4. बाहुलीवर टॉर्च बाजूने आणावी, समोरून आणली तर दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड पडतो. आकार मिलीमीटरमध्ये लिहावा. ‘रिअॅक्टिंग’ एवढंच लिहून पुढच्या शिफ्टला काही कळत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे उष्माघाताचे रुग्ण येतात. शुद्धीवर आले की घरचे निश्चिंत होतात. पण त्यांना बोट नाकाला लावायला सांगा, टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून न्यायला सांगा, थोडं बोलतं करा. प्रखर तापमान सेरिबेलमच्या पेशींना फार लागतं. बोलणं जड आणि चाल झोकांडी खाणारी राहिलेली काही माणसं मी घरी जाताना पाहिली आहेत. डिस्चार्जच्या कागदावर ते यायला हवं, म्हणजे फिजिओथेरपी सुरू होते.

आरमोरीचा_एमओ

सिस्टर, अगदी खरं. माझ्याकडे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) ना सीटी, ना एमआरआय. त्यामुळे हा धागा माझ्या रोजच्या कामाचा.

पावसाळ्यात पहाटे एखादा माणूस आणतात. रात्री जमिनीवर झोपला होता, मध्यरात्रीनंतर पोट दुखलं, उलटी झाली, आता डोळ्यांवर झापड येतेय, नीट गिळता येत नाही. चावल्याची खूण नाही, सूज नाही. घरचे म्हणतात, जेवणातून झालं. हा मण्यार असू शकतो, आणि तो ओळखायला कपाल नसांच्या तपासणीशिवाय माझ्याकडे दुसरं काही नसतं. वर बघत राहायला सांगतो, पापण्या हळूहळू खाली येतात. दुहेरी दिसतं का विचारतो. तोंड पूर्ण उघडायला, जीभ बाहेर काढायला लावतो. उशीवरून डोकं उचलायला सांगतो. मानेचे स्नायू गेले असतील तर डोकं वर येत नाही. मग एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावतो आणि कितीपर्यंत गेला ते वेळेसकट कागदावर लिहितो. पुढच्या वेळी आकडा घसरला की 108 मध्ये अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) धरून मी स्वतः किंवा सिस्टर सोबत जाते.

सगळ्यांनी हे नीट वाचा: मण्यारीच्या विषात बाहुल्या पसरलेल्या आणि उजेडाला न हलणाऱ्या असू शकतात, सगळे रिफ्लेक्स गेलेले असू शकतात, आणि तरी आतला माणूस पूर्ण शुद्धीत, तुमचं बोलणं ऐकत असतो. त्याला ब्रेन डेड समजून व्हेंटिलेटर काढायचा विचारही करू नका. श्वास चालू ठेवला तर ही माणसं परत येतात.

दुसरं, पूर्व विदर्भात धान निघाल्यावर लाखोळी (लाखेची डाळ) पेरतात. कित्येक महिने मुख्य अन्न म्हणून तीच पोटात गेली तर लॅथिरिझम, म्हणजे पाय कडक होऊन अशक्त होण्याचा आजार, होतो. हल्ली क्वचित, पण म्हातारी माणसं दिसतात: चवड्यांवर, पायात पाय अडकवत, काठी टेकत चालणारी. पाय कडक, गुडघे उडतात, अंगठा वर, आणि संवेदना मात्र एकदम ठीक. ही जोडी दिसली की तरुणपणी काय खाल्लं ते विचारायचं.

फायनल_इयर

संवेदनेच्या तपासणीत मी दरवेळी अडकतो. टोचलं की रुग्ण “हो”, न टोचता विचारलं तरी “हो”. अर्धा तास जातो आणि शेवटी नकाशा जुळत नाही.

अंबाझरी

सगळ्यात दमवणारा भाग हाच, म्हणून तो शेवटी आणि थोडक्यात करावा. थकलेला रुग्ण तुम्हाला खूश करायला उत्तरं देतो.

आधी त्यालाच विचारा, “बधिर कुठून कुठपर्यंत वाटतं, बोटाने दाखवा.” तो स्वतः रेघ काढून देतो. मग तुम्ही बधिर भागातून चांगल्या भागाकडे जा आणि कुठे बदलतं ते सांगायला लावा. “टोचतंय का?” असं विचारू नका. “हे टोकदार की बोथट?” विचारा आणि मधूनमधून बोथट बाजू लावा. टूथपिक मोडून तिचं टोक वापरा आणि नंतर फेकून द्या. इंजेक्शनची सुई कधीच नाही, ती कातडी कापते.

कंप 128 हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कने. 512 चा कानासाठी असतो, तो पायावर ठेवून ‘कंप जाणवत नाही’ लिहू नका. आधी छातीच्या हाडावर ठेवून कंप म्हणजे काय ते कळू द्या, मग अंगठ्याच्या हाडावर. “थांबला की सांगा” म्हणायचं आणि मध्येच फोर्क हाताने थांबवायचा. लगेच सांगितलं तर उत्तर खरं. अंगठ्याची स्थिती बघताना अंगठा दोन्ही कडांनी धरा. वरून-खालून धरलात तर दाबावरूनच दिशा कळते.

खरी माहिती मात्र प्रश्नांतून मिळते. “अंघोळीत डोळ्यांना साबण लागला की तोल जातो का?” “अंधारात अंगणात जाताना भिंत धरावी लागते का?” “चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही का?” याला तीन ‘हो’ आले की रॉम्बर्ग (पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायची चाचणी) काय येणार ते मला आधीच माहीत असतं. तो करताना मागे उभे राहा, हात तयार ठेवा. डोळे उघडे असतानाच तोल जात असेल तर ते सेरिबेलमचं. डोळे मिटल्यावर गेला तरच रॉम्बर्ग पॉझिटिव्ह. शाकाहारी माणसात हे दिसलं तर बी12 बघायला विसरू नका, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरीही. तो बिघाड वेळेत पकडला तर भरून निघतो.

इतवारी

डॉक्टरसाहेब, आता माझ्या घरचं विचारतो. वडील ब्याऐंशीचे. विसरून राहिले सगळं. तपासायला नेलं तं त्यायले तारीख विचारली, शंभरातून सात वजा करा म्हटलं. बाबा चौथीपर्यंत शिकले, तारीख तं त्यायले कधीच माहीत नसे. मंग ते नापास म्हणायचे का?

सुचेता_फिजिओ

दादा, नाही. बाबांना त्यांच्या जगातलं विचारायचं. पोळा झाला का यायचा आहे? मारबत निघाली का? पन्नासची नोट दिली, पस्तीसची भाजी घेतली, परत किती? दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला हे चुकलं तर ते शंभर वजा सातपेक्षा जास्त सांगून जातं. आणि घरात बोलता त्याच भाषेत विचारायला सांगा. आपल्याकडे अर्धं मराठी, अर्धं हिंदी चालतं, तर दोन्हीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही डॉक्टरांना सांगा की दोन वर्षांपूर्वी ते काय करायचे आणि आता काय जमत नाही.

इतवारी

गल्ल्याचा हिशेब करायचे ताई, आता नोटा ओळखतात पण मोड चुकवतात. मागच्या पोळ्यापर्यंत बरोबर होतं. हे सांगतो डॉक्टरले.

फायनल_इयर

शेवटचा प्रश्न, सर. घोट्याचा रिफ्लेक्स मला येतच नाही. ‘अॅबसेंट’ लिहू का?

अंबाझरी

लगेच नाही. आधी बघा पाऊल काटकोनात धरलंय का आणि पिंडरी सैल आहे का. हातोडी दांड्याच्या टोकाला धरा आणि तिच्या वजनाने पडू द्या, ढकलू नका. तरी नाही आला तर रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका. हा जेंड्रासिक. ओढून धरायला आधीपासून सांगाल तर उपयोग संपतो, म्हणून “ओढा” म्हणतानाच हातोडी पडली पाहिजे. त्याने आला तर तसं लिहा: ‘रीइन्फोर्समेंटने येतो’. ते अॅबसेंट नाही. पलंगावर नाही जमलं तर खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं बाहेर लोंबती ठेवून, मागून ठोका. तिथे बऱ्याचदा येतो.

त्यानंतरही दोन्ही बाजूंना नाही आणि माणूस सत्तरीच्या पुढचा, तर एवढ्यावरून निदान करू नका, कंप आणि स्पर्श बघा. एकाच बाजूचा गेला असेल आणि त्याच पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर पहिलं सेक्रल मूळ. तेव्हा कमरेचा एमआरआय लिहा.